साखर आधी की मागनं

आक्का, तुमच्या मोरीमागच्या केळीचा घड तुमच्या मालकांनी, सुभेदारांनी उतरवला. तुम्ही जाऊन सहा दिवस झाले होते. माणूस गेल्यावर घरातल्या पुरुषाला हाताला काहीतरी काम लागतं. तसा त्यांनी कोयता घेतला, घड कापला, आणि मग तो कुठं ठेवायचा ते न कळून परसात नुसते उभे राहिले. तुमच्या सुनेनं, कमलनं, तो त्यांच्या हातातून घेतला आणि तुमच्या पद्धतीनं कोपऱ्यात उसाच्या पाचटात घालून वर गोणपाट टाकलं. मी कुंपणाच्या अलीकडं उभी होते. तुम्ही असतात तर एव्हाना दहा सूचना झाल्या असत्या. पाचट अजून घाल, मांजर शिरंल, हळू ठेव, केळं हाय, दगूड न्हवं. कमलनं सगळं बिनबोलता केलं आणि आत गेली.

नऊ वर्षं आपण शेजारी राहिलो. इस्लामपुरात भिंतीला भिंत लागून दोन घरं, परस मात्र एक, मध्ये गुडघ्याएवढं कुंपण. मी वाईची. लग्न होऊन हायस्कूलातल्या मास्तरांच्या घरी आले आणि तुम्ही पहिल्याच दिवशी मला 'मास्तरीनबाई' करून टाकलंत. माझं खरं नाव तुम्हाला शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही, देव जाणे. तुमचं नाव मलाही तुमच्या मयताच्या दिवशी कळलं, गुरुजींनी विचारलं तेव्हा. तोवर तुम्ही आक्का. सगळ्या गल्लीच्या आक्का.

आपली ओळख झाली ती मी उकिरड्यावर टाकलेल्या केळ्यांवरून. साली काळ्या पडल्या म्हणून मी अर्धी फणी टाकून दिली होती. तुम्ही ती उचलून आणलीत आणि माझ्या दारात उभ्या राहिलात.

"आवं मास्तरीनबाई, काय केलंसा ह्ये? केळं काळं पडलं म्हंजी नासलं न्हवं. आता कुटं त्याला गोडी आली!"

मी शरमले. आमच्या वाईला पिवळंधमक केळं ते चांगलं केळं. तुम्ही तिथंच उंबऱ्यावर बसून, माझ्याच घरातलं पातेलं मागवून, शिकरण कशी करायची ते दाखवलंत. मी सुरीनं चकत्या करायला लागले तर हातातली सुरी काढून घेतलीत. "कापायचं न्हाई. कुस्कराय लागतं. बोटाला गाठ लागली पायजे, मग दूध." आधी केळं हातानं कुस्करायचं, त्यात चिमूटभर मीठ, मग गार दूध. मिठाचं ऐकून मी नाक मुरडलं होतं. खाऊन बघितल्यावर मुकाट वाटी पुढं केली.

त्या दिवसापासून तुमच्या घरची केळी आमच्याकडं आणि आमचं शहाणपण तुमच्याकडं अशी देवघेव सुरू झाली. तुमच्या मोरीचं सगळं पाणी त्या केळीला जायचं, त्यामुळं वर्षातून दोन तरी घड निघायचे. एवढी केळी दोन घरांत संपणार कशी? मग गूळ घालून गुलगुले, दुधात आटवून खीर, आणि सगळ्यात वर केळ्याचा शिरा. आणि शिऱ्यावरून आपलं भांडण.

भांडण काय, तर साखर कधी घालायची. आमच्या आईची पद्धत म्हणजे साखर दुधात विरघळवायची आणि ते गोड दूधच भाजलेल्या रव्यावर ओतायचं. एका घासात गोड, दुसऱ्यात कमी असं होत नाही. तुम्हाला हे साफ नामंजूर. तुमचं म्हणणं, रवा तुपात भाजायचा, केळं त्यातच परतायचं, मग नुसतं दूध, झाकण, दणदणीत वाफ, आणि रवा फुलला की सगळ्यात शेवटी साखर.

"साखर आदी घातली की रवा फुगत न्हाई. त्यो दातात लागतो. साखर मागनं!"

"आणि मागनं घालायची म्हणून विसरली तर?" मी एकदा म्हटलं होतं.

"इसराय काय मी म्हातारी झालीया व्हय?" तुम्ही पन्नाशीच्या तेव्हा, आणि माझ्यासारख्या दोघींना पुरून उरणाऱ्या.

यातली खरी गंमत मला आता कळते. तुम्ही माझा शिरा कितीदा तरी खाल्लात आणि खाऊन नावं ठेवलीत. मी तुमच्या शिऱ्याला नावं ठेवायची ती न खाता. कारण तुमच्या चुलीवरचं मी कधी तोंडात घातलंच नव्हतं.

आपल्या दोघींत हे कधी बोललं गेलं नाही. बोलायची गरज नव्हती. सासूबाई सोवळ्याच्या, आम्ही कोण, तुम्ही कोण, हे न सांगता दोन्ही घरांना ठाऊक होतं. तुमच्याकडून केळी यायची, फळाला विटाळ नसतो. शिकरण यायची, तिला चूल लागत नाही. लाह्या चालायच्या, भुईमुगाच्या शेंगा चालायच्या, ताक चालायचं. चहाही चालायचा. चहा चुलीवर होतो हे सोयीस्कर विसरलं जायचं, कारण चहावाचून सासूबाईंचंही डोकं दुखायचं. मात्र भाकरी, कालवण, शिरा, गुलगुले, यातलं काही तुम्ही कधी पाठवलं नाहीत. मला अवघडायला नको म्हणून तुम्हीच रेघ सांभाळलीत. माझ्या घरचं सगळं तुम्ही पदराखाली घेऊन जायचात आणि पोरांना वाटायचात, आणि मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. खरं सांगते, नाही वाटायचं.

मग ते एकाहत्तरचं युद्ध झालं. तुमचा तानाजी सरहद्दीवर होता. तुम्ही पंधरा दिवस केसाला तेल लावलं नव्हतं. कमल नवी नवरी, तिला धीर देता देता तुम्हीच चुलीपुढं बसून राहायचात. सुभेदार सकाळ-संध्याकाळ चावडीवर रेडिओ ऐकायला जायचे आणि आल्यावर कुणाशी बोलायचे नाहीत. उमेदीची वर्षं फौजेत घालवलेला माणूस, त्यांना जास्त कळत होतं. युद्ध थांबलं तरी पत्र नव्हतं. मी रोज कुंपणापाशी यायची आणि काय विचारावं ते न कळून केळीकडं बघून जायची.

पत्र आलं ते दुपारी. तुमची आरोळी मी घरात ऐकली. मी मागच्या दाराकडं धावले, तोच कमलचं हसू ऐकू आलं आणि मी भिंतीला टेकून खाली बसले. तासाभरानं तुम्ही स्वतः आलात. परसातून नाही, पुढच्या दारानं. नवं लुगडं, कपाळाला गुलाल, आणि हातात झाकलेली पितळी वाटी. झाकणाच्या कडेनं वाफ आणि तुपाचा वास.

"तान्याचं पत्र आलं. हातीपायी धड हाय माजा ल्योक. जोतिबाला निवद दावला आन् पयला तुमच्याकडं आली. केळ्याचा शिरा हाय. गरम हाय तवर खावा."

एवढं बोलून तुम्ही गेलात. उभ्याही राहिला नाहीत. आनंदाच्या भरात तुम्ही ती रेघ ओलांडून आला होतात, आणि तुमच्या ते ध्यानातही नव्हतं.

आता पुढचं मी सात वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

मी वाटी ओट्यावर ठेवली. झाकण काढलं. रवा असा फुललेला, केळ्याचे बारीक तुकडे तुपात तांबूस झालेले. तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू? मास्तर शाळेत होते. सासूबाई देवळात प्रवचनाला गेल्या होत्या. घरात मी एकटी. कुणी बघणारं नव्हतं, कुणी अडवणारं नव्हतं. आणि माझा हात पुढं होईना. वाटीकडं बघत मी बराच वेळ उभी राहिले. मग मागच्या दाराशी रोज येणारी गाय आली आणि मी तो शिरा तिच्यापुढं पालथा केला. गाईला घातलं म्हणजे वाया गेलं नाही, अशी मनाची समजूतही लगेच काढली. शिकलेल्या माणसाला समजूत काढायला वेळ लागत नाही.

वाटी घासली. भांडं रिकामं परत देऊ नये म्हणून तिच्यात रेशनची चिमूट-दोन चिमूट साखर घातली आणि तुमच्याकडं आले.

तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतात. चेहऱ्यावर असं हसू की मला वाटलं, पत्राचंच आहे.

"काय मास्तरीनबाई? कसा झाल्ता शिरा?"

"फार सुरेख हो आक्का! गोड अगदी. सासूबाईंनी तर परत मागून घेतला."

तुमचं हसू जागच्या जागी थांबलं. ते गेलं नाही, नुसतं थांबलं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मग माझ्या हातातल्या वाटीकडं, त्यातल्या साखरेकडं.

"व्हय?" तुम्ही म्हणालात. "बरं झालं मग."

तेवढ्यात आतून कमलचा आवाज आला. "आत्याबाई, साखर किती घालू आता ह्यात? मामंजी म्हंत्यात, घास उतरंना, निस्ता सपक लागतोय."

तुमच्या खांद्यावरून मला चूल दिसली. कमल शिऱ्याची कढई पुन्हा चुलीवर ठेवून साखरेचा डबा घेऊन उभी होती. तुमचा ऊस कारखान्याला जायचा, सभासदाच्या साखरेचं पोतं तुमच्या घरात कोपऱ्यात असायचं. अख्ख्या गल्लीत सगळ्यात जास्त साखर असलेल्या घरात, पोरगा जिवंत असल्याच्या आनंदात, तुम्ही शिऱ्यात साखर घालायला विसरला होतात. निवद चाखायचा नसतो, म्हणून कळलं नाही. पहिली वाटी मला दिलीत, म्हणून तेव्हाही कळलं नाही. सुभेदारांनी घास घेतल्यावर कळलं. आणि तुम्ही दारात उभ्या होतात त्या माझ्याकडून चिडवून घ्यायला. 'मागनं घालायची म्हणून विसरलात ना?' हे मी म्हणेन, तुम्ही कपाळावर हात माराल, आपण दोघी हसून हसून खाली बसू, यासाठी तुम्ही उभ्या होतात.

मी वाटी तुमच्या हातात दिली आणि घरी आले.

तुम्ही मला बोलला असतात तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्यात तर मी पाया पडले असते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नेहमीसारख्या कुंपणापाशी आलात, नेहमीसारखं माझ्या पातेल्यात डोकावलंत. केळी येत राहिली. शिकरण येत राहिली. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तुम्ही रात्रंदिवस नाही पण दिवसातून चार चकरा मारल्यात. फक्त साखर आधी की मागनं, यावर तुम्ही पुन्हा कधी भांडला नाहीत. मी एकदा मुद्दाम खाजवून खरूज काढली, "आक्का, आज मी साखर दुधातच घातलीय हं!" तर म्हणालात, "घाला की. ज्येची त्येची रीत." तेव्हा मला समजलं की माझं किती गेलं ते.

सात वर्षं मी मनातल्या मनात सासूबाईंवर खापर फोडत राहिले. त्यांचं सोवळं, त्यांचा धाक, मी तरी काय करणार! हे म्हणताना एक गोष्ट मी शिताफीनं गाळायची. त्या दुपारी सासूबाई घरात नव्हत्या.

मिरजेच्या दवाखान्यात तुम्हाला भेटायला आले तेव्हा सगळं सांगायचंच असं ठरवून आले होते. येष्टीत तीनदा वाक्य जुळवलं. बरोबर शिकरण आणली होती, हातानं कुस्करलेली, मीठ घातलेली. तुम्ही दोन चमचे खाल्लेत आणि मान हलवलीत. हात एवढे बारीक झाले होते की बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. सुभेदार पाणी आणायला बाहेर गेले. मी म्हटलं, "आक्का, मला एक सांगायचंय. तानाजीचं पत्र आलं होतं ना, त्या दिवशी..."

तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात. "मास्तरीनबाई," म्हणालात, "घड भरलाय न्हवं? शिरा करा. साखर मागनंच घाला, बगा."

मग नर्स आली, वेळ संपली म्हणाली, आणि मी उठले. तुम्ही मला अडवलंत की माफ केलंत, की नुसतं जुनं भांडण माझ्या ओंजळीत परत घातलंत? मी येष्टीत सांगलीपर्यंत हाच विचार करत आले. अजून ठरत नाही. तुम्ही तेवढं बोलून डोळे मिटून घेतलेत, आणि मी पुन्हा येईन तेव्हा सांगेन म्हणून निघाले. पुन्हा येणं झालं नाही.

तुम्हाला घरी आणलं त्या दिवशी तुमची चूल पेटली नाही. कडू घास शेजारच्यानं करायचा असतो. मी पिठलं-भाकरी केली आणि कुंपणावरून नेली. सुभेदारांनी भाकरी मोडली, दोन घास घेतले, म्हणाले, "लय उपकार झालं, बाई." तिथं बसलेल्या पंधरा-वीस माणसांत कुणीही विचारलं नाही की हे कुणाच्या चुलीवरचं. मला मान वर करवेना.

रात्री राहवलं नाही म्हणून सासूबाईंना सगळं सांगितलं. शिरा, गाय, वाटीतली साखर, सगळं. त्या वाती वळत होत्या. हात थांबला.

"मी नव्हते ना घरात?" म्हणाल्या.

"नव्हता."

"मग खाल्ला का नाहीस?"

मी म्हटलं, "तुम्हाला चाललं नसतं."

"मला विचारलं होतंस?" त्या म्हणाल्या. "मी माझ्या सासूला भिऊन पाळत आले. तू मला भिऊन. विचारलं कुणी कुणाला?" आणि पुन्हा वात वळायला लागल्या. ती वात काही त्यांना नीट वळता आली नाही.

म्हणून हे लिहून ठेवते आहे, आक्का. तुमचा शिरा सासूबाईंनी नाकारला नाही. तो मी नाकारला. एकटी असताना, भूक असताना, तुमच्या घरी आनंदाचा दिवस असताना. आणि वर तुमच्या तोंडावर गोड म्हणाले. मला शिऱ्यापेक्षा त्या 'गोड'चं जास्त लागतं.

तेरावा झाला. पाहुणे गेले. काल सकाळी पाचटाखालून वास सुटला, एवढा की आमच्या पडवीत आला. दुपारी कमलनं कुंपणावरून हाक मारली, "बाई, जरा येता का?" मी परसातून आत गेले. नऊ वर्षांत तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत मी हजारदा आले असेन. काल आत जाऊन चुलीपुढं बसले. कमलनं पाट दिला. चुलीवर शिरा होता, झाकण ठेवलेला.

"आत्याबाईंचा घड. गोड कराय पायजे आता, म्हनून क्येला," ती म्हणाली. मग खाली बघून म्हणाली, "त्या दिशीचं मला म्हाईत हाय, बाई. मी हुती न्हवं चुलीपाशी?"

तीच पुढं म्हणाली, "तुमी गेल्यावर आत्याबाई वाटी घिऊन तितंच हुब्या हुत्या. म्या डबा उघडला, तर म्हनल्या थांब. तुमी आनल्याली वाटीतली साखर आदी शिऱ्यात घातली, मग डब्यातली. म्हनल्या, शेजारनीनं दिल्याली हाय, टाकाय कशाला? आन् कुनाला काय सांगू नगं म्हनल्या. म्या सांगितलं न्हाई. मामंजींनाबी न्हाई."

म्हणजे तुम्ही माझी साखर खाल्लीत, आक्का. त्याच दिवशी, त्याच शिऱ्यात.

कमलनं वाटी भरून माझ्यापुढं ठेवली. तीच पितळी वाटी. मी ती उचलली आणि खाल्ला. पहिला घास रडण्यातच गेला, त्याची चव मला सांगता येणार नाही. दुसरा नीट खाल्ला. रवा फुललेला होता, दातात लागत नव्हता. तुमचं बरोबर होतं.

"कसा झालाय?" कमलनं विचारलं. ती तुमच्यासारखीच दाराला टेकून उभी होती आणि तिचेही डोळे भरले होते.

आता खोटं बोलणं सोपं होतं. सुतकातून उठलेली पोर, काय सांगायचं तिला?

"कमल," मी म्हटलं, "साखर कमी पडलीय गं."

ती पदर तोंडाला लावून हसली, रडली, काय झालं ते तिलाही कळलं नसेल. हसता रडता तिनं फळीवरचा डबा काढला आणि माझ्यापुढं सरकवला.

"मग घाला की तुमीच, तुमच्या हातानं."

मी घातली, आक्का. मागनं.